घाट बंद असल्याचं कुठे कळतं?

पावसाळ्यात दोन मोटारसायकलींवर पुण्याहून महाडला निघालेल्या दोघा मित्रांना वरंध घाट बंद असल्याचं बहुधा घाटाच्या तोंडाशीच कळतं. आडवं बॅरिकेड, शेजारी फलक, कधी एखादा पोलीस. मग तिथे उभं राहून खल सुरू होतो: कडेने गाडी काढायची की परत फिरायचं? हा प्रश्न त्या जागी पडला म्हणजे उशीर झालेला आहे, असं माझं म्हणणं आहे. सह्याद्रीत बंद रस्त्याचा पर्याय फाट्यावर निवडावा लागतो, आणि तो फाटा बॅरिकेडच्या कितीतरी अलीकडे असतो.

याचं कारण भूगोलात आहे. सपाट मुलखात एक रस्ता बंद झाला तर दोन-चार किलोमीटरवर एखाद्या गावातून दुसरा सापडतो. देशावरून कोकणात उतरताना मध्ये कडा आहे, आणि त्यातून गाडी उतरेल अशा जागा मोजक्या आहेत. पुण्याहून दक्षिण रायगडात जायचं तर ताम्हिणी, वरंध किंवा आंबेनळी. आणखी खाली कुंभार्ली, तो चिपळूणला पोचवतो. यांतल्या ताम्हिणीसाठी चांदणी चौकातूनच पौडकडे वळावं लागतं. वरंधसाठी महामार्गावर कापूरहोळला, आंबेनळीसाठी सुरूरला वाईकडे, कुंभार्लीसाठी उंब्रजला पाटणकडे. म्हणजे ताम्हिणी की वरंध हे पुणे सोडतानाच ठरून गेलेलं असतं, आपल्याला ते जाणवत नाही एवढंच. कापूरहोळला वळल्यावर भोर ही शेवटची संधी, कारण तिथून मांढरदेवीमार्गे वाई गाठता येते. पुढे नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेने सुमारे 40 किलोमीटर गेल्यावर बॅरिकेड दिसलं, तर तेवढंच अंतर कापून पुन्हा भोरला यायचं आणि मग वाई, महाबळेश्वर, पोलादपूर करत महाड. दिवस तिथेच संपतो, आणि आंबेनळीची वळणं अंधारात, धुक्यात वाट्याला येतात. गगनबावड्याला याच्या उलट. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट तिथूनच फुटतात, त्यामुळे 2024च्या जानेवारीत करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला तेव्हा कोल्हापूरहून वैभववाडीला जाणाऱ्या दुचाकीला भुईबावड्याचा पर्याय शेजारीच होता. बंदी दोन्हीकडे सारखीच, पण एका ठिकाणी ती गैरसोय आहे आणि दुसऱ्या ठिकाणी अख्ख्या प्रवासाची फेरमांडणी.

यावर नेहमीचं उत्तर असं की दुचाकीला कुठूनही वाट मिळते, आणि गावातली पोरं तर रोज जातात-येतात. वाट मिळते, हे खरं. पण घाट बंद करायचं कारण क्वचितच रस्त्याची रुंदी असतं. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापलेला असतो, वर झिजलेल्या दगडाचा आणि मातीचा थर असतो, त्याखाली बसाल्टचा खडक. पावसाचं पाणी त्या थरात मुरत जातं, त्याचं वजन वाढतं, पकड सुटते आणि दरड येते. येताना ती कार आणि मोटारसायकल यांत फरक करत नाही. कारला निदान छप्पर असतं. 22 जुलै 2021ला महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात महाबळेश्वरला 24 तासांत जवळपास 600 मिलिमीटर पाणी पडलं आणि आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटला. म्हणजे वरंधला पर्याय म्हणून धरलेला घाटही त्याच पावसात जाऊ शकतो. पर्यायाचीही चौकशी निघण्याआधीच करावी लागते ती यासाठी. गावातल्या पोराचं म्हणाल, तर त्याला कुठल्या वळणावर काल माती आली होती ते ठाऊक असतं, आणि अडकला तर घर तीन किलोमीटरवर असतं. त्याचं पाहून आपण जाणं म्हणजे त्याची माहिती न घेता फक्त त्याचं धाडस घेणं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रशासन सरसकट बंदी घालून मोकळं होतं. लख्ख ऊन पडलेलं असतं आणि घाट मात्र बंद. ही तक्रार अर्धी मान्य करायला हवी. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात कधी फक्त अवजड वाहनांना बंदी असते, कधी ऑरेंज किंवा रेड अलर्टच्या दिवशी सगळ्यांना, आणि हा फरक प्रवाशापर्यंत धड पोचत नाही. शिवाय घाट बहुधा दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर असतात: वरंध आणि ताम्हिणी पुणे-रायगडच्या, आंबेनळी सातारा-रायगडच्या, कुंभार्ली सातारा-रत्नागिरीच्या. खालच्या जिल्ह्याने काढलेला आदेश वरच्या फाट्यावर लिहिलेला असेलच असं नाही. फलक कापूरहोळला आणि भोरला हवा, घाटाच्या तोंडाशी लावून काय उपयोग? पण उन्हाचा मुद्दा टिकत नाही. मुरलेलं पाणी ऊन पडताच निघून जात नाही. चार दिवसांच्या पावसानंतर पाचव्या दिवशी आकाश निळं असलं तरी उतार ओलाच असतो.

मग कळावं कसं? मोबाइलच्या नकाशावर फार विसंबू नये. घाटात रेंज जाते, आणि मुळात गाड्याच कमी असलेल्या रस्त्याची खबर नकाशाला उशिरा लागते. सर्वात भरवशाचा प्रश्न एसटी स्टँडवर विचारायचा असतो: महाडची गाडी गेली का? रद्द असेल तर विषय संपला. गेली असेल तर महाडहून वर आलेल्या एखाद्या टेम्पोवाल्याला गाठावं, कारण सकाळी मोकळा असलेला रस्ता दुपारी तसाच असेल याची हमी चौकशी खिडकीवरचा माणूस देऊ शकत नाही.

आणि सोबतचा मित्र? दोघं असली की सुरक्षित, असं आपण धरून चालतो. गाडी पंक्चर झाली, कोणी घसरून पडलं, तर ते खरंही आहे. निर्णयाच्या बाबतीत मात्र जोडी कित्येकदा एकट्यापेक्षा अविचारी ठरते. एकाला परत फिरावंसं वाटत असतं, पण दुसऱ्याचा विरस नको म्हणून तो गप्प बसतो; दुसराही नेमकं हेच करत असतो, आणि दोघं एकमेकांच्या गप्प बसण्याला होकार समजून बॅरिकेडच्या कडेने गाड्या काढतात. म्हणून घरून निघतानाच ठरवून टाकावं: दोघांतला कोणीही एक नको म्हणाला की नको, कारण विचारायचं नाही. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबून मागच्याचा दिवा दिसेपर्यंत हलायचं नाही. चुकामूक झालीच, तर शोधत पुढे न जाता शेवटच्या ठरलेल्या फाट्यावर दोघांनी परत यायचं, जिथे फोन लागतो.