लाकूड-प्लास्टिक संमिश्र: मिश्रण एकच, मग ताकद वेगळी का?

लाकडाचं पीठ आणि प्लास्टिक एकत्र करून केलेली फळी, म्हणजे डब्ल्यूपीसी, आता बऱ्याच जणांनी पाहिलेली असते. आजचा प्रश्न असा आहे: पीठ तेच, प्लास्टिक तेच, प्रमाणही तेच, तरी एक फळी भार नीट पेलते आणि दुसरी पाण्याने फुगते, वाकवली की मोडते. असं का? थोडक्यात उत्तर असं, की ताकदीचा मोठा हिस्सा मिसळताना आणि आकार देताना ठरतो. ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिली गोष्ट तापमानाची. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकूड करपायला लागतं. म्हणून त्याआधी वितळणारं प्लास्टिक घ्यावं लागतं. पॉलिथिलीन सुमारे १३० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंशांना. पाण्याच्या बाटलीचं पीईटी मात्र २५० अंशांच्या आसपास. तोवर लाकूड काळं पडलेलं असतं. आणि एक लक्षात घ्या, उष्णता फक्त हीटरची नसते. स्क्रू जोरात फिरवला तर घर्षणानेही माल तापतो. म्हणजे हीटर १८० दाखवत असला, तरी आतला माल त्याहून गरम असू शकतो.

दुसरी गोष्ट ओलावा. लाकडाचं पीठ हाताला कोरडं लागतं, पण हवेतलं पाणी त्यात असतंच. समजा १० किलो पिठात ८ टक्के ओलावा आहे, तर ते झालं ८०० ग्रॅम पाणी. साध्या दाबाला पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १६०० पट होतं. भाकरी टम्म फुगते ती याच वाफेने. भाकरीत ते हवंच, फळीत नको. आत पोकळ्या राहतात आणि भार आला की तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून पीठ आधी वाळवतात, ओलावा शक्यतो १ टक्क्याच्या खाली आणतात, आणि यंत्रातही वाफ बाहेर काढायला वाट ठेवतात.

तिसरी गोष्ट मळण्याची. कमी मळलं तर गुठळ्या राहतात आणि गुठळी हीच कच्ची जागा होते. मग भरपूर मळावं का? तर नाही. पिठाऐवजी लांब तंतू वापरले असतील, तर स्क्रूच्या रेट्याने ते तुटतात. तंतू जाडीच्या मानाने जितका लांब, तितका तो भार चांगला वाहून नेतो. म्हणजे गुठळ्या फुटाव्यात पण तंतू तुटू नयेत, असा मधला वेग शोधावा लागतो.

चौथी गोष्ट चिकटण्याची. लाकडाला पाणी आवडतं. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापासून दूर राहतं. दोघांचं आपणहून जमत नाही. नुसतं पीठ घातलं तर फळी कडक होते, पण ताकद त्या मानाने वाढत नाही, कधी घटतेही. म्हणून मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडंसं घालतात. त्याचं एक टोक लाकडाशी रासायनिक बंध करतं, उरलेली साखळी प्लास्टिकमध्ये गुंतते. पण पीठ ओलं असेल किंवा मिसळणं अपुरं झालं असेल, तर हा महागडा पदार्थही वाया जातो.

शेवटी आकार. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये दाब जास्त असतो; माल घट्ट बसतो आणि वर प्लास्टिकची सलग साय येते. एक्स्ट्रूजनच्या फळीत पोकळ्या राहण्याचा संभव अधिक. आणि फळी लाकडासारखी दिसावी म्हणून पृष्ठभाग रंधला किंवा घासला, की ती साय जाते, तंतू उघडे पडतात आणि पाणी आत शिरतं.

श्रोत्यांमधून प्रश्न आलाय: दुकानात काय पाहावं? कापलेली कड पाहा. गुठळ्या, करपल्याचे डाग, वेडीवाकडी भोकं दिसतात का? एक तुकडा वजन करून काही दिवस पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. वजन किती वाढलं, तेवढं पाणी आत गेलं. मात्र आपल्याकडे मिळणारे बरेच डब्ल्यूपीसी बोर्ड फेसाळ पीव्हीसीचे असतात. त्यांतली बारीक छिद्रं मुद्दाम केलेली असतात, त्यामुळे त्यांची तुलना त्याच जातीच्या बोर्डाशी करा. आणि जिथे माणसाचा भार येणार, उदाहरणार्थ गॅलरीचा कठडा, तिथे नुसत्या पाहण्यावर जाऊ नका. त्याच मालाचा वाकण्याच्या ताकदीचा चाचणी अहवाल मागा. मिश्रणाचं प्रमाण सांगणारा कागद तिथे पुरत नाही.