भेटीची मोटार आणि शुल्क

परदेशी मोटार दारी आणायची तर किंमत देऊन भागत नाही. बंदरात आयातशुल्कही भरावे लागते. २०१३ साली चैनीच्या मोटारींवर ते ७५ वरून १०० टक्के झाले, म्हणजे किमतीइतकेच! भेट मिळालेली मोटारही यातून सुटत नाही. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ साली सचिन तेंडुलकरांना फियाट कंपनीकडून फेरारी मिळाली. तिच्यावरचे कोटीहून अधिक शुल्क सरकारने माफ केले; टीका झाली आणि २००३ साली ते कंपनीने भरले. मला हे योग्य वाटते. पन्हाळगडावर कणसे भाजून विकणारे माझे वडील काडेपेटीवरचाही कर मुकाट्याने देतात. तिजोरी सर्वांची असते. एकाला दिलेल्या माफीचा भार शेवटी सर्वांवरच पडतो.