धरणगावच्या उन्हात किती वॅट टिकतात?

अभियांत्रिकीला किंवा बीसीएला प्रवेश मिळाला की जून-जुलैत घरात लॅपटॉपचा विषय निघतो, आणि मुलाला किंवा मुलीला खेळांची आवड असेल तर तो गेमिंग लॅपटॉपवर येऊन थांबतो. निवडीची चर्चा मग दोनच आकड्यांभोवती फिरते: ग्राफिक्स चिपचा क्रमांक आणि किंमत. धरणगाव, अमळनेर, शिरपूर अशा गावांत राहून शिकणाऱ्यांसाठी या दोन्हींइतकाच महत्त्वाचा आकडा आहे तो खोलीच्या तापमानाचा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि काही दिवस त्याच्याही वर राहतो. लॅपटॉपचे परीक्षण करणारे लोक मात्र तो २२ ते २५ अंशांच्या खोलीत चालवून पाहतात. बऱ्याच कंपन्या तर आपले यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावे असे माहितीपत्रकातच लिहितात. म्हणून माझे म्हणणे असे की, खानदेशातल्या विद्यार्थ्याने मधल्या ताकदीची चिप आणि मोठी शीतकरण व्यवस्था असलेला लॅपटॉप घ्यावा. वरच्या क्रमांकाच्या चिपवर आणि बारीक अंगावर पैसे घालू नयेत.

याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. चिपवर बसवलेल्या तांब्याच्या चपट्या नळीत थोडेसे पाणी असते. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाच्या पातळ पत्र्यांपाशी जाऊन थंड होते आणि पंखा ती उष्णता बाहेर फेकतो. या मार्गाने किती उष्णता बाहेर जाईल, ते चिप आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप साधारण ८७ अंशांच्या आसपास पोचली की स्वतःचा वेग आवरते. खोली २५ अंशांची असेल तर फरक ६२ अंशांचा मिळतो. ४३ अंशांच्या खोलीत तो ४४ उरतो. म्हणजे थंड खोलीत ११५ वॅट उष्णता बाहेर काढणारी तीच व्यवस्था मे महिन्यात सुमारे ८२ वॅटच काढू शकते. पंख्याने कितीही आवाज केला तरी हे गणित बदलत नाही, कारण पंखा आत ओढतो ती हवाच तापलेली असते.

आता चिपच्या क्रमांकाकडे वळू. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०५०, ४०६० आणि ४०७० या लॅपटॉपमधल्या तिन्ही चिपना कंपनीने ३५ ते ११५ वॅट अशी एकच मर्यादा दिली आहे. त्या मर्यादेत किती वॅट द्यायचे ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. त्यामुळे एकाच नावाची चिप एका जाड यंत्रात पूर्ण ताकदीने धावते आणि दुसऱ्या सडपातळ यंत्रात निम्म्यावर अडते, तरी खोक्यावरचे नाव तेच राहते. वॅटचे महत्त्व इतके वाढले त्यामागेही इतिहास आहे. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी दाखवले होते की, ट्रान्झिस्टर लहान होत गेला तर त्याला लागणारी वीजही त्याच प्रमाणात घटते. साधारण २००५-०६ पर्यंत ही सवलत मिळत राहिली. पुढे ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. तेव्हापासून जास्त वेग हवा तर जास्त वीज, आणि जास्त वीज म्हणजे जास्त उष्णता, हा हिशेब चुकवता आलेला नाही. गळती तापमानाबरोबर वाढते, म्हणजे तापलेली चिप तेवढ्याच कामाला अधिक वीज खाते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात लागते, आणि वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावे लागते. म्हणून ढोबळमानाने वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मग ११५ वॅटवरून ८२ वर उतरल्याने वेग जेमतेम अकरा टक्के घटेल, त्याची एवढी चिंता कशाला? हिशेब बरोबर आहे, आणि तोच माझ्या बाजूने बोलतो. शेवटच्या ३३ वॅटमधून मिळणारा वेग इतका थोडा असेल, तर त्यासाठी जास्त किमतीची चिप घेण्यात काय हशील? खरा तोटा होतो तो अंग बारीक असलेल्या यंत्रात. तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप एकाच नळीवर भार टाकतात, तापमान मर्यादेला टेकते, वेग पडतो, जरा निवले की चढतो, पुन्हा पडतो. सरासरी वेग ठीक दिसतो, पण खेळात चित्र अडखळते. ब्लेंडरमधले काम किंवा सॉलिडवर्क्समधले सिम्युलेशन लांबते. शिवाय तापलेल्या लिथियम-आयन बॅटरीत नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि तिची धारणक्षमता कायमची घटत जाते. लाइट जाणाऱ्या गावात बॅटरी ही चैन नसते, म्हणून ही बाब मला वेगापेक्षाही गंभीर वाटते. सतत चार्जरवर असलेल्या यंत्रात चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती पहिल्या दिवसापासून वापरावी.

दुसरा आक्षेप असा की, कडक उन्हाळा दोन-तीन महिन्यांचाच असतो. पण खरेदी पावसाळ्याच्या तोंडावर, दुकानातल्या गार हवेत होते. यंत्र बदलून घेण्याची मुदत काही दिवसांची असते, आणि यंत्र कमी पडते ते मार्चनंतर कळते, नेमके प्रोजेक्ट आणि परीक्षांच्या दिवसांत. म्हणून परीक्षण वाचताना बेरीज करून पाहावी. अर्धा तास ताण दिल्यावर २३ अंशांच्या खोलीत चिप ७० अंशांवर स्थिरावत असेल, तर ४३ अंशांच्या खोलीत ती ९० च्या घरात जाईल, म्हणजे वेगाला किंचित कात्री लागून निभावेल. २३ अंशांतच ८५ गाठणारे यंत्र आपल्याकडच्या मे महिन्यासाठी नाही. ज्या परीक्षणात खोलीचे तापमान दिलेले नाही, त्यातल्या आकड्यांना फारसा अर्थ नाही.

तिसरा प्रश्न डेस्कटॉपचा. घरीच राहून शिकणाऱ्यासाठी तो निःसंशय जास्त शहाणपणाचा: पेटी मोठी, पंखे मोठे, दुरुस्ती सोपी, आणि तेवढ्याच पैशांत ताकद जास्त. पण बांभोरीला किंवा जळगावला रोज अप-डाऊन करणाऱ्याला, पुण्या-नाशिकच्या वसतिगृहात राहणारीला तो उपयोगाचा नाही. वाणिज्य वा कला शाखेतल्या विद्यार्थ्याला मात्र खेळांव्यतिरिक्त वेगळ्या ग्राफिक्स चिपची गरज क्वचितच पडते, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

राहिला शीतकरणाचा सगळ्यात स्वस्त उपाय, जो खानदेशात बहुतेकांच्या घरी आधीच आहे. लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा स्टँड खोलीतलीच हवा हलवतो. तिच्यापेक्षा गार तो काहीच करू शकत नाही. खिडकीतला पाण्याचा कूलर ते करतो. ४३ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी ओल्या जाळीतून हवा जास्तीत जास्त २५ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात ती ३० च्या आसपास बाहेर पडते. खोली ३२ अंशांवर आली तरी ८२ वॅटची मर्यादा परत १०२ वॅटपर्यंत जाते. ओलसर हवेने यंत्र बिघडेल ही भीती पुरती खरी नाही. दव गार पृष्ठभागावर धरते, आणि चालू लॅपटॉप हवेपेक्षा गरम असतो. घातक आहेत ते उडणारे क्षारयुक्त तुषार, म्हणून झोताच्या थेट समोर बसू नये. कूलर नसेल त्या वेळी खेळाचा वेग सेकंदाला ६० चित्रांवर बांधून ठेवावा. चिपचे काम आणि उष्णता दोन्ही लगेच उतरतात. पत्र्यांत अडकणारी धूळ आणि जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारे कापसाचे तंतू वर्षातून एकदा तरी, उन्हाळ्याआधी, साफ करून घ्यावेत. चिपमध्ये वाचलेले पैसे १६ जीबी रॅममध्ये घालावेत, आणि दुकानदाराला विचारताना क्रमांकाच्या आधी चिपला किती वॅट दिले आहेत, तळ उघडून पंखे साफ करता येतात का आणि दुरुस्ती केंद्र जळगावात आहे का, हे विचारावे.