घरापासून दूर (भाग ७) : खोली, खानावळ आणि बारी

मागच्या आठवड्यात मनीऑर्डरीबद्दल लिहिलं होतं. पगार झाला की गावाकडे जाणारे पैसे आणि त्या फॉर्मच्या तळाला, एवढ्याशा जागेत लिहिलेली खुशाली. पैसे गेले, खुशाली गेली. मग उरलेला महिना गावाहून मुंबईला आलेला गिरणी कामगार कसा काढायचा? पाळी सुटल्यावर कुठं जायचा, कुठं जेवायचा, कशात रमायचा? आजचा भाग मुंबईच्या गिरणगावातल्या त्या रिकाम्या वेळेबद्दल आहे.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. तिथून पुढे सव्वाशे वर्षं कोकणातून आणि घाटावरच्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागातून माणसं येत राहिली. बहुतेक पुरुष एकटेच यायचे. बायको-मुलं, म्हातारे आईबाप, तुकडाभर जमीन आणि गुरं गावाला. याचं कारण साधं होतं. बदली कामगाराला आज काम मिळेल की नाही हे सकाळी गिरणीच्या दारात उभं राहिल्यावरच कळायचं. अशा कमाईवर मुंबईत बिऱ्हाड मांडणं परवडत नसे. शिवाय संप झाला, आजारपण आलं, काम सुटलं, तर परतायला गाव लागायचंच. गाव सुटू न देणं ही गरज होती.

त्या एकट्या माणसाचा मुंबईतला पत्ता म्हणजे गावाची खोली. कुणी तिला गाळा म्हणायचं, कुणी बैठकीची खोली. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेत एका गावचे दहा-पंधरा, कधी वीसहून जास्त गडी राहायचे. हे जमायचं ते पाळ्यांमुळे. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सात. रात्रपाळीचा घरी येऊन आडवा व्हायचा, तेव्हा पहिल्या पाळीच्याची वळकटी भिंतीला लागलेली असायची. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, दोरीवर कपडे टाकण्यापुरती जागा आणि ती वळकटी. दर महिन्याला वर्गणी. त्यातून भाडं, दिवाबत्ती, आणि उरलं तर गावच्या देवळासाठी काही.

ही खोली निवाऱ्याच्या पलीकडे बरंच काही करायची. गावाहून नवा पोरगा आला की काम लागेपर्यंत त्याचं खाणं-राहणं सगळ्यांनी मिळून सांभाळायचं. कुणी तापानं फणफणला तर त्याला के.ई.एम. रुग्णालयात न्यायला माणसं असायची. कुणी दारूच्या नादी लागला तर खोलीतले जाणते त्याला समोर बसवून बोलायचे, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर गावाला जाणाऱ्या पुढच्या माणसाबरोबर ती बातमी जायची. घर जे करतं, त्यातलं बरंच ही खोली करत होती.

पण तिचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. खोली गावाची, म्हणजे जातीचीही. गावकुसाबाहेरच्यांची खोली मुंबईतही वेगळीच असायची. गिरणीतही तेच. विणकाम खात्यात धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. त्या उष्ट्याचं कारण पुढे करून दलित कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात येऊ देत नसत. डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या काळात हा प्रश्न लावून धरला होता. गाव आपलं चांगलं ते घेऊन मुंबईला आलं, तसं वाईटही घेऊन आलं.

खानावळीचं आज थोडक्यात सांगतो. चाळीतलीच एखादी बाई पंधरा-वीस मेंबरांचा दोन वेळचा स्वयंपाक करायची. हिशेब पगाराच्या दिवशी, खाडे वजा करून. तोवर वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. तिचं काम एका परिच्छेदात उरकण्यासारखं नाही, म्हणून पुढचा भाग तिच्यासाठी राखून ठेवला आहे.

आता करमणुकीकडे. गिरणगावात सर्वांत जास्त रुजलं ते भजन, आणि त्यामागे भक्तीइतकीच जागेची आणि पैशाची गणितं होती. भजनाला रंगमंच लागत नाही, तिकीट लागत नाही. १६० चौरस फुटांत ते बसतं. पेटी आणि पखवाज वर्गणीतून एकदाच घ्यायचा, झांजा गावाहून यायच्या. मुख्य म्हणजे भजनात नुसता ऐकणारा कुणी नसतो. बुवानं ओळ टाकली की ती उचलायला कोरस लागतो, आणि आठ तास साच्यापुढे उभा राहिलेला, दिवसभर त्या खडखडाटात शेजाऱ्याशीही धड बोलू न शकलेला माणूस तिथं मोकळ्या गळ्यानं गायचा. मला वाटतं, गिरणीच्या आवाजानंतर स्वतःचा आवाज ऐकू येणं, हीच त्यातली मोठी ओढ असावी.

यातूनच मुंबईत डबलबारी बहरली. दोन बुवा, दोन मंडळं, आळीपाळीनं बारी. एकानं अभंग, गवळण, गजर गात समोरच्याला कोडं घालायचं, दुसऱ्यानं आपल्या बारीत ते सोडवून उलट टोला द्यायचा. पुराणं पाठ हवीत, हजरजबाबीपणा हवा, आणि पहाटेपर्यंत टिकणारा गळा हवा. परशुराम पांचाळ, चंद्रकांत कदम, विलास पाटील या बुवांची नावं कोकणी माणूस आजही मानानं घेतो. रत्नागिरीकडच्या मंडळींचा शक्ती-तुराही याच जातीचा. शक्तीवाले प्रकृतीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले पुरुषाला, म्हणजे शिवाला. शाहीर गाण्यातून सवाल करतो आणि पायात चाळ बांधलेले गडी फेर धरून जाखडी नाचतात. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेली माणसं प्रकृती-पुरुषाचा वाद ढोलकीच्या ठेक्यावर लढवत होती, ही गोष्ट आपल्या सांस्कृतिक इतिहासात अजून पुरेशा मानानं नोंदलेली नाही.

या सगळ्या तालमी कशासाठी चालत? इथंच या करमणुकीचं मर्म आहे. तालीम मुंबईत, खेळ गावात. गणपतीला किंवा शिमग्याला गावी गेल्यावर आपल्या मंडळाचं भजन, नमन, नाटक उभं राहिलं पाहिजे, म्हणून वर्षभर खोलीत घोकंपट्टी चाले. चाकरमान्यांचं नाटक गावाला अप्रूपाचं असायचं. अकरा महिने गावात नसलेला माणूस त्या एका रात्री गावाच्या मधोमध उभा राहायचा. गाव आपल्याला विसरू नये, देवळाच्या अंगणातली आपली जागा दुसऱ्याला जाऊ नये, यासाठी तो पाळी करून आलेला असतानाही मृदंगापुढे बसत होता.

शहराची म्हणून जी करमणूक होती तीही त्यानं मनापासून घेतली. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाच्या फडांना घाटावरच्या कामगारांची गर्दी व्हायची. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२चं. कामगार रंगभूमी तिथं वाढली, आणि दिवसा यंत्रावर असणारे रात्री तोंडाला रंग लावून उभे राहायचे. १९५३पासून कामगार कल्याण मंडळानं नाटकांना, भजनांना स्पर्धेचं व्यासपीठ दिलं. मराठी सिनेमासाठी भारतमाता चित्रपटगृह होतंच.

अण्णाभाऊ साठ्यांबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. वाटेगावचे अण्णाभाऊ स्वतः पोटासाठी मुंबईला आलेले. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत १९४४ साली त्यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड बायकोला गावी ठेवून आलेल्या कामगाराची आहे, आणि त्याच विरहातून ती संयुक्त महाराष्ट्रात न आलेल्या मराठी मुलखापर्यंत जाते. समोर बसलेल्या हजारोंना ती राजकीय गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. ताटातूट त्यांना रोजचीच होती.

आणि गावावर राहिलेली मैना? तिचं गाणं जात्यावर होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी लाखाहून अधिक ओव्या खेड्यापाड्यांतून गोळा केल्या, म्हणून बायकांचा तो आवाज आज आपल्याला ऐकता तरी येतो. चाकरमान्याच्या करमणुकीबद्दल लिहिताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे की त्याला निदान खोलीभर सोबती होते.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले असंख्य पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. खोल्या ओस पडल्या, पण सगळ्या नाही. काही गावांच्या खोल्या अजून चालू आहेत. आता तिथं सुरक्षारक्षक, दुकानांतले नोकर, नोकरीच्या शोधातली पोरं राहतात. चाळींचा पुनर्विकास आला तसा नवा पेच आला: कागदावर खोली एकाच्या नावावर, प्रत्यक्षात ती साऱ्या गावाची. माझं मत स्पष्ट आहे. जिथं गावानं वर्गणी काढून खोली राखली, तिथं तिच्या बदल्यात मिळणाऱ्या जागेवर गावाचाच हक्क आहे. ज्यांच्या नावावर कागद आहे त्यांनी हा हक्क मोठ्या मनानं मान्य करावा.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात आजोबांची पत्र्याची ट्रंक असेल, तर ती भंगारात देण्याआधी उघडून पाहा. बुवांच्या गजरांच्या वह्या, शाहिरांचे हातानं लिहिलेले सवाल, मंडळाच्या वर्गणीच्या नोंदी त्यात सापडू शकतात. वाळवीनं गाठण्याआधी पानांचे फोटो काढा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. कोणती वही कुणाची, हे सांगणारी माणसं आता थकली आहेत. त्यांना हे याच सुट्टीत विचारा.

पुढच्या भागात : खानावळवाल्या बायका, आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ.