कुलूपबंद ई-मेल

नागपूरच्या रामदासपेठेत दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब आणि सीएंची ऑफिसं जवळजवळ आहेत. रुग्णांचे रिपोर्ट, पॅन, बँकेचे तपशील अशा ठिकाणांहून ई-मेलने जातात. असा मेल वाटेत सहसा ‘टीएलएस’ने सुरक्षित असतो, पण सर्व्हरवर तो वाचता येण्याजोगाच राहतो. मजकुराची पूर्ण गुप्तता हवी तर एस-माइम किंवा फिल झिमरमन यांनी १९९१ साली आणलेलं पीजीपी वापरावं.

मेल कुलूपबंद करण्याच्या या दोन्ही पद्धतींत प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्ली कुणालाही द्यायची, खाजगी जिवापाड जपायची. पाठवणारा तुमच्या सार्वजनिक किल्लीने मेल बंद करतो. तो उघडतो फक्त तुमच्या खाजगी किल्लीने. म्हणून आधी समोरच्याची सार्वजनिक किल्ली मागवावी लागते. खाजगी किल्ली हरवली, तर जुने मेलही वाचता येत नाहीत.

सीएंकडच्या डिजिटल सहीच्या (डीएससी) टोकनबद्दल मात्र गैरसमज नको. सहीचं प्रमाणपत्र पाठवणारा कोण हे सिद्ध करतं, मजकूर लपवत नाही. लपवायला एन्क्रिप्शनचं वेगळं प्रमाणपत्र लागतं.

विषयाची ओळ बहुधा उघडीच राहते, तिथे रुग्णाचं नाव लिहू नका. आणि पीडीएफला पासवर्ड लावून पाठवत असाल, तर तो त्याच मेलमध्ये न देता फोनवर सांगा.