अब्राहाम लिंकन आज असते तर कोणत्या पक्षांत असते?

थोर पुरुष दिवंगत झाल्यावर त्यांच्या नांवाचे वारसदार पुष्कळ निघतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सोळावे अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांच्या बाबतींत हें विशेषच घडलेलें दिसतें. तेथील रिपब्लिकन पक्ष आपणांस अभिमानानें ‘लिंकनचा पक्ष’ म्हणवितो. उलटपक्षीं, डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा यांनीं २००७ सालीं आपली उमेदवारी लिंकन यांच्या स्प्रिंगफील्ड शहरीं जाहीर केली, आणि २००९ सालीं अध्यक्षपदाची शपथ लिंकन यांच्या शपथविधीच्या वेळच्याच बायबलावर हात ठेवून घेतली. तेव्हां लिंकन आज असते तर ते कोणत्या पक्षांत शोभले असते, हा प्रश्न सहजच मनांत येतो. तो येथें थोडा तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम लिंकन यांचा स्वतःचा पक्षप्रवास पाहूं. १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं केंटकी संस्थानांतील एका लांकडी झोंपडींत त्यांचा जन्म झाला. १८३४ सालीं ते इलिनॉय संस्थानच्या विधिमंडळांत निवडून आले, तेव्हां ते व्हिग पक्षाचे होते. सरकारनें कालवे, रस्ते व लोहमार्ग यांस साह्य करावें आणि परदेशी मालावर जकात बसवून देशी धंद्यांचें रक्षण करावें, असें या पक्षाचें धोरण होतें. १८५४ सालीं झालेल्या एका कायद्यानें, ज्या पश्चिमेकडील मुलखांत पूर्वी गुलामगिरीस मनाई होती, तेथें ती शिरण्यास वाट मोकळी झाली. या वादांत व्हिग पक्ष मोडला. गुलामगिरीचा प्रसार थांबवूं पाहणारे लोक एकत्र येऊन रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, व १८५६ पर्यंत लिंकन त्यांत सामील झाले. १८६० सालच्या चौरंगी निवडणुकींत शेंकडा सुमारें ४० मतें मिळवून ते अध्यक्ष झाले. लगोलग दक्षिणेकडील संस्थानें फुटूं लागलीं, आणि १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें.

आतां त्यांच्या कारभाराकडे वळूं. राष्ट्रावरील पहिला प्राप्तीवरील कर त्यांच्याच सहीनें १८६१ सालीं लागू झाला. १८६२ सालीं, जमिनीवर पांच वर्षें राहून ती कसणारास १६० एकर सरकारी जमीन देण्याचा कायदा झाला. शेतकी व यंत्रविद्या शिकविणाऱ्या महाविद्यालयांसाठीं संस्थानांस जमिनी मिळाल्या, आणि पॅसिफिक महासागरापर्यंत लोहमार्ग नेण्यास सरकारी साह्य मंजूर झालें. परदेशांतून वस्तीस येणाऱ्यांस उत्तेजन देणारा कायदाहि १८६४ सालीं झाला. हें वाचून कोणी म्हणेल कीं, लिंकन आजच्या डेमोक्रॅटिक पक्षांत शोभले असते.

परंतु दुसरें पारडेंहि हलकें नाहीं. मजुरीवर राबणारा मनुष्य काटकसरीनें व उद्योगानें उद्यां स्वतः मालक होऊं शकतो, या गोष्टीवर लिंकन यांची दृढ श्रद्धा होती, आणि स्वावलंबनाची ही भाषा आज रिपब्लिकन व्यासपीठावरून अधिक ऐकूं येते. त्यांना प्रिय असलेल्या जकातींचा पुरस्कारहि अलीकडे, विशेषतः २०१८ पासून, रिपब्लिकन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीं केला. तात्पर्य, लिंकन यांचीं मतें आजच्या दोन्ही घरांत विभागलेलीं सांपडतात, आणि कोणत्याहि एका घरांत तीं सगळीं मावत नाहींत.

याचें कारण असें कीं, या मधल्या काळांत पक्ष स्वतःच पालटले. पाटी तीच राहिली, पण दुकानांतील माल बदलला. लिंकन यांच्या काळीं दक्षिणेंतील गुलामांच्या मालकांचा मोठा आधार डेमोक्रॅटिक पक्ष होता. ज्या कृष्णवर्णीयांस मत देतां येई ते पुढें अनेक दशकें बहुशः रिपब्लिकनांसच मत देत. १९३६ सालीं मात्र त्यांच्यांतील बहुसंख्य मतें डेमोक्रॅटिक अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांस पडलीं. १९६४ सालीं नागरी हक्कांच्या कायद्यावर डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं सही केली. त्या कायद्याविरुद्ध मत देणारे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनीं त्या वर्षीं एकंदर सहाच संस्थानें जिंकलीं, आणि त्यांतील पांच अगदीं दक्षिणेकडील होतीं. तेथून पुढें दक्षिण हळूहळू रिपब्लिकन बनली. तेव्हां केवळ नांव जुळतें म्हणून वारसा सांगणें कितपत योग्य, याचा विचार वाचकांनींच करावा.

लिंकन यांस आहेत तसे उचलून आजच्या सभेंत आणून बसविणेंहि बरोबर नाहीं. १८५८ सालीं स्टीफन डग्लस यांच्याशीं झालेल्या सात जाहीर वादविवादांत, गोऱ्याकाळ्यांची सामाजिक व राजकीय समता आपणांस अभिप्रेत नाहीं, असें ते म्हणाले होते. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांस देशाबाहेर वसविण्याची कल्पनाहि त्यांनीं बरींच वर्षें बाळगली. युद्धकाळांत त्यांच्या सरकारनें कित्येकांस चौकशीवांचून तुरुंगांत ठेविलें. पण ते तेथेंच थांबले नाहींत. १ जानेवारी १८६३ रोजीं त्यांनीं बंडखोर मुलखांतील गुलामांस मुक्त जाहीर केलें. सुमारें दोन लाख कृष्णवर्णीय सैन्यांत व आरमारांत लढले, आणि त्यांचें शौर्य लिंकन यांनीं पाहिलें. ११ एप्रिल १८६५ रोजीं, निदान सुबुद्ध व सैनिक कृष्णवर्णीयांस तरी मताधिकार असावा, असें त्यांनीं जाहीर भाषणांत सांगितलें. श्रोत्यांमध्यें जॉन विल्क्स बूथ उभा होता. तीनच दिवसांनीं त्यानें त्यांच्यावर गोळी झाडली, आणि १५ एप्रिल रोजीं लिंकन मरण पावले. ज्या मनुष्याचे विचार मृत्यूच्या आठवड्यांतहि पुढें चालले होते, त्यास कोणत्या थांब्यावर उतरवून आपण आपला म्हणणार?

पक्षाविषयीं लिंकन यांचें वर्तन मात्र आजहि शिकण्याजोगें आहे. ते कांहीं पक्षापासून अलिप्त राहणारे साधु नव्हते. आपल्या पक्षाच्या लोकांस त्यांनीं अधिकाराच्या जागा भरपूर दिल्या. तथापि पक्ष हें साधन आहे, साध्य नव्हे, हें ते विसरले नाहींत. उमेदवारीसाठीं आपल्याशीं झगडलेल्या स्यूअर्ड, चेस व बेट्स यांस त्यांनीं मंत्रिमंडळांत घेतलें. १८६४ ची निवडणूक ‘नॅशनल युनियन’ या नांवाखालीं लढतांना सोबतीस अँड्र्यू जॉन्सन हे डेमोक्रॅट घेतले. गुलामगिरी कायमची बंद करणारी घटनादुरुस्ती जानेवारी १८६५ मध्यें मंजूर झाली, तीहि कांहीं डेमोक्रॅट सभासदांच्या मतांमुळेंच.

या घटनांचा ध्वनि पुण्यापर्यंत पोहोंचला होता. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. त्यांनीं तें लोकांस अर्पण केलें, पक्षास नव्हे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तेव्हां आमचें उत्तर असें कीं, लिंकन आज कोणत्याहि पक्षांत गेले असते तरी तेथें त्यांस अवघडल्यासारखेंच झालें असतें. आमच्या विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें आहे: वादविवादांत कोणी एखाद्या दिवंगत थोर पुरुषास आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभें करील, तेव्हां त्यास तीन प्रश्न विचारावे. त्या पुरुषानें आपल्या काळीं प्रत्यक्ष काय केलें? त्या काळीं त्या पक्षाच्या नांवाचा अर्थ काय होता? आणि पुढें त्याचें मत बदललें काय? हीं उत्तरें मिळाल्यावर आपलें मत आपणच बनवावें. मृतांच्या नांवावर तें उसनें घेऊं नये.