धुकं बघायला जाताय, की दरी?

जुलैत महाबळेश्वरला जाऊन आलेली माणसं दोन गटांत मोडतात. एक म्हणतात, 'काय धुकं होतं, अहाहा!' दुसरे म्हणतात, 'काही दिसलंच नाही हो, पैसे पाण्यात.' दोघेही एकाच दिवशी, एकाच कठड्याला टेकून उभे असू शकतात. फरक पडतो तो घरून निघताना मनात काय होतं त्याने. दाट धुकं आणि खोल दरी एका वेळी पदरात पडत नाहीत. दोन दिवसांची सहल आखताना हे आधी ठरवलं की पुढचे निम्मे घोळ टळतात. उरलेले निम्मे ऐकीव माहितीमुळे होतात.

'धुकं हवंय ना, मग डिसेंबरात जाऊ'

मैदानी मुलखात धुकं हिवाळ्यातल्या पहाटेचं, त्यामुळे हा समज साहजिक आहे. पण महाबळेश्वर ज्या धुक्यासाठी ओळखलं जातं ते पावसाळ्यातलं, आणि ते खरं तर ढगच असतात. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या ऐन धारेवर वसलंय. अरबी समुद्रावरून येणारा दमट वारा कोकण ओलांडून या कड्यांना धडकतो. पुढे जायला वाट नाही म्हणून वर चढतो, चढताना थंड होतो आणि त्यातल्या वाफेचे थेंब होतात. पायथ्याच्या पोलादपुरातून पाहणाऱ्याला तो डोंगराला टेकलेला ढग दिसतो. वर बाजारात छत्री सावरत चालणारा त्यालाच धुकं म्हणतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरातच ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा काढली ती याचसाठी. एरवी ढगात उपकरणं न्यायची तर विमान लागतं, इथे ढगच उपकरणांपाशी येतो.

डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असतं. दऱ्या लांबवर दिसतात, सूर्यास्त चुकत नाही. म्हणजे दरी बघायची असेल तर हिवाळा, ढगात चालायचं असेल तर जून ते सप्टेंबर. मधला ऑक्टोबर मला स्वतःला सगळ्यात आवडतो. पाऊस सरलेला असतो, गवत अजून हिरवं असतं, आणि नशीब असेल तर सकाळी धुकं खाली कृष्णेच्या खोऱ्यात साचलेलं दिसतं. आपण त्याच्या वर, उन्हात.

'महाबळेश्वरात बर्फ पडला'

ही बातमी दर थंडीत येते, सोबत वेण्णा तलावाच्या काठचे पांढरे फोटो. तो पडलेला बर्फ नसतो, गोठलेलं दव असतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडते. थंड हवा जड, म्हणून ती उतारावरून घरंगळत सखल भागात साचते. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याचा परिसर नेमका असा खोलगट आहे. त्यामुळे वेधशाळेच्या तापमापकात पारा शून्याच्या बराच वर असतानाही इथे गवताच्या पात्यावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाडीच्या टपावर हिमकण जमतात. मुलांना 'स्नो' दाखवायचं कबूल करून निघालेल्या वडिलांनी एवढं ध्यानात ठेवावं की हे कण पहाटे दिसतात आणि ऊन वर आलं की विरघळतात. नाश्ता करून सावकाश निघालं तर ओलं गवत बघायला मिळतं. तेही छानच असतं म्हणा.

'पावसाळ्यात तिथे सगळं बंद असतं'

एके काळी हे जवळपास खरं होतं. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२८-२९ च्या सुमारास, इथे ठाणं वसलं. बाजारपेठेचं माल्कमपेठ हे नाव त्यांच्यावरूनच. पुढे मुंबई सरकारचा उन्हाळा महाबळेश्वरी आणि पावसाळा पुण्यात, असा शिरस्ताच पडला. जूनचा पाऊस लागण्याआधी साहेब लोक सामान बांधून खाली उतरत. मागे राहणारे बंगल्यांच्या भिंती गवताने शाकारून घेत, कारण इथला पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो.

आता हॉटेलं आणि बाजार वर्षभर चालू असतात. वेण्णा तलावातली बोट मात्र पावसाळ्यात बहुधा बंद असते, आणि अतिवृष्टीचा इशारा आला की काही ठिकाणी जायला बंदी घातली जाते. ती गांभीर्यानेच घ्यावी. वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणारं हे गाव आहे. जुलै २०२१ मध्ये तर एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. पुण्याचा साधारण वर्षाचा पाऊस याच्या फार पुढे जात नाही. या दिवसांत 'व्हॅली व्ह्यू' खोलीचे जादा पैसे भरणाऱ्यांची मला कीव येते. खिडकीबाहेर दिवसभर पांढरा पडदा. तेच पैसे गरम पाणी चोवीस तास देणाऱ्या हॉटेलावर घालवावेत.

'धुकं काय, सगळीकडे सारखंच'

हा गैरसमज सहलीला सगळ्यात महागात पडतो. ढग पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पश्चिमेचे कडे आधी आणि जास्त वेळ झाकले जातात: ऑर्थर सीट, एल्फिन्स्टन, बॉम्बे पॉइंट, लॉडविक पॉइंट. पूर्वेकडे सरकावं तसा ढग विरळ होत जातो आणि पाऊसही. पाचगणी अवघ्या १९ किलोमीटरवर, पण तिथला पाऊस महाबळेश्वरच्या जवळपास एक-तृतीयांश. घाट उतरून वाईला आलं की त्याहून कितीतरी कमी. डोंगराच्या आडोशामुळे एवढ्या अंतरात ऋतू बदलल्यासारखं वाटतं.

पावसाळ्यात सकाळी उठून पश्चिमेला सगळं पांढरं दिसलं तर हॉटेलात पत्ते कुटत बसण्याऐवजी गाडी पूर्वेला काढावी. पाचगणी रस्त्यावरच्या केट्स पॉइंटवरून धोम आणि बलकवडी धरणांचं पाणी दिसण्याची शक्यता बरीच जास्त असते. तिथेही पडदा असला तर पुढे पाचगणीचं टेबललँड. (ते आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार आहे असं प्रत्येक जण सांगतो, कोणी मोजलं ते कोणी सांगत नाही.) उलट ढगातच चालायचं असेल तर ऑर्थर सीटच्या वाटेवरचं जंगल गाठावं. तिथे झाडांच्या खोडांवर शेवाळाचे गालिचे असतात, दहा पावलांवरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो, आणि पाऊस थांबला तरी पानांवर अडकलेला ढग थेंबाथेंबाने ठिबकत राहतो.

'जरा थांबा, पडदा सरकेल' हा स्थानिकांचा सल्ला मात्र खोटा नाही. वाऱ्याचा झोत बदलला की क्षणभर अख्खी दरी उघडते आणि पुन्हा मिटते. फक्त तो क्षण कधी येईल याची हमी कोणी देऊ नये आणि आपणही मागू नये.

ऑर्थर सीटवर बाटलीचं झाकण दरीत टाकून ते परत वर येताना दाखवण्याचा खेळ चालतो आणि त्याला चमत्कार म्हटलं जातं. उभ्या कड्याला धडकलेला वारा सरळ वर चढतो आणि हलकी वस्तू उचलून आणतो, एवढाच तो चमत्कार. ढग वर आणणारा वाराही तोच. प्लॅस्टिकचा कचरा न टाकताही तो तोंडावर जाणवतो.

'एका दिवसात पंधरा पॉइंट होतात'

होतात, कारण पंधरातले बरेचसे एकाच रस्त्यावर, चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ऑर्थर सीटच्या बाजूला सावित्री, कॅसल रॉक, विंडो, टायगर स्प्रिंग असे पाच-सात पॉइंट. केट्स पॉइंटशी एको पॉइंट आणि नीडल होल. टॅक्सीवाल्याच्या यादीत यातला प्रत्येक वेगळा मोजलेला असतो. ठरवताना पॉइंटांचा आकडा न विचारता किती रस्ते आणि किती तास, हे विचारावं. पहिल्या दुपारी एक दिशा, दुसऱ्या सकाळी दुसरी, आणि मध्ये क्षेत्र महाबळेश्वर. हे जुनं महाबळेश्वर बाजारापासून सहाएक किलोमीटरवर आहे. देवळाजवळ खोली समजून बाजारात, किंवा बाजारात समजून देवळाजवळ बुकिंग केलेले लोक दर मोसमात भेटतात.

तिथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री उगम पावतात ही श्रद्धा आहे, तिच्याशी वाद नाही. भूगोल बघायचा तर गंमत अशी की सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला. मधल्या धारेच्या या अंगाला पडलेला थेंब एका समुद्रात, त्या अंगाचा दुसऱ्यात.

'गेलो की ताजी स्ट्रॉबेरी खाऊच'

रोपं पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावली जातात. फळाचा हंगाम साधारण नोव्हेंबरअखेरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. जुलैत 'फ्रेश स्ट्रॉबेरी क्रीम' मागवलं तर फळ गोठवलेलं असणार. त्यापेक्षा भाजलेलं कणीस घ्यावं.

'गारठा असणार, स्वेटर भरा'

पावसाळ्यात दिवसाचा पारा साधारण विशीच्या आसपास असतो. गारठा लागतो तो ओल्या कपड्यांचा आणि वाऱ्याचा. भिजलेला स्वेटर म्हणजे अंगावर ओझं. वाऱ्यापावसाला दाद न देणारं जाकीट, कपड्यांचा एक जादा जोड आणि खाचा असलेल्या तळव्यांचे बूट एवढं पुरतं. कपडे दोन दिवसांत वाळणार नाहीत हे गृहीत धरावं. छत्री कड्यावर उलटते. जांभ्या दगडावर शेवाळ धरलेलं असतं, तिथे गुळगुळीत तळव्याची चप्पल म्हणजे घसरगुंडी.

'मुंबईहून पोलादपूरवरून जवळ पडतं'

नकाशावर पडतं. पण आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि रस्ता बंद होतो. २०२१ च्या त्या पावसात तर रस्ताच जागोजागी खचला. जून ते सप्टेंबर पुणे, सुरूर फाटा, वाई आणि पसरणी घाट हा लांबचा मार्ग बरा. जोडून सुट्टी आली तर पाचगणी ते महाबळेश्वर हे तासाभराचं अंतरही दोन-तीन तास खातं, तेव्हा शनिवारी सकाळऐवजी शुक्रवारी निघावं. रेल्वे गावात नाही. साताऱ्याला उतरून किंवा पुण्याच्या स्वारगेटहून एसटी धरावी.

गाडी स्वतः चालवणाऱ्यांचा शेवटचा आणि सगळ्यात धोक्याचा गैरसमज असा की धुक्यात अपर लावलं की लांबचं दिसतं. उलट होतं. वर फेकलेला उजेड थेंबांवरून परत डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर लावावं, फॉग लाइट असेल तर तोही. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नयेत, कारण मग वळताना मागच्याला काही कळत नाही. डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवावी, काच थोडी उघडी ठेवून वळणावरचा हॉर्न ऐकावा, आणि अगदीच दिसेनासं झालं तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर, एखाद्या टपरीच्या मोकळ्या जागेत गाडी घेऊन थांबावं. परतीच्या दिवशी जेवण उरकून दुपारीच निघावं, म्हणजे पसरणी घाट उजेडात उतरून होतो.